‘वस्ताद’ म्हणावं कोणाला?

तुमची अडचण थोडक्यात अशी: गावच्या यात्रा कमिटीने दोघांचा सत्कार ठरवलाय. एक, तालमीत हयात घालवलेले म्हातारे पैलवान, ज्यांना अख्खं गाव ‘वस्ताद’ म्हणतं. दुसरे, एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोर्स करून आलेले आणि मॅटवर पोरं तयार करणारे तरुण प्रशिक्षक. पत्रिका लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. आता ‘वस्ताद’ छापावं की ‘ज्येष्ठ कुस्ती मार्गदर्शक’, असा प्रश्न आहे. कारण तुमच्या पुण्यातल्या ऑफिसात कोणी अडलेलं काम मार्गी लावलं की ‘वस्ताद आहेस लेका’ असं ओरडतात, आणि तुमच्या आईच्या तोंडी ‘वस्ताद’ म्हणजे सरळसरळ बिलंदर. असला शब्द सत्काराच्या पत्रिकेत शोभेल का?

शोभेल. बिनधास्त छापा. मात्र कोणाच्या नावाशी आणि कसा, याला थोडा विचार लागतो. मी कोल्हापूरच्या तालमीत वाढलो, अंगात होतं तोवर लढलो, आता पोरं बघतो. हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी आईचं बरोबर की ऑफिसातल्या पोरांचं, ते बघू. दोन्ही बरोबर. शब्द एकच आहे, पण त्याच्यामागचं क्रियापद बघा, सगळा उलगडा तिथे होतो. ‘वस्ताद आले’ म्हटलं की तालमीतली पोरं उठून उभी राहतात. ‘वस्ताद आला बघ’ म्हटलं की चहाच्या टपरीवर हशा पिकतो. आदरार्थी अनेकवचन गेलं की शब्दातला मान निघून जातो आणि चलाखी तेवढी मागे उरते. ‘ते वस्ताद आहेत’ आणि ‘तो मोठा वस्ताद आहे’ ही दोन वाक्यं एकाच माणसाबद्दल असूच शकत नाहीत. असली तर बोलणाऱ्याला काहीतरी सुचवायचंय. ‘वस्तादी करू नकोस’ यातली वस्तादी तर निव्वळ लबाडी. ऑफिसातली पोरं या दोहोंच्या मधे कुठेतरी आहेत. त्यांना कौतुक करायचंय, पण पाया पडायचं नाही. त्यांचा ‘वस्ताद’ एका कामापुरता असतो, उद्या काम बिघडलं की संपला.

शब्द फारसीतला, उस्ताद. आमच्याकडे ओढ्याचा वढा आणि ओळखीची वळख होते, त्याच वळणाने उस्तादाचा वस्ताद झाला. तेलुगूतही ‘वस्तादु’ आहे, तिकडे त्याचा अर्थ पैलवान, दांडगा गडी असा होतो. मजा अशी की गाण्यातल्या माणसांनी मूळ रूप जपलं आणि मातीतल्या माणसांनी ते वापरून वापरून आपलं केलं. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात एकाच वेळी दरबारात अल्लादियाखाँसाहेब गात होते आणि तालमीतालमींतून वस्ताद पोरं घुमवत होते. गाणारा हिंदू असला तर तो ‘बुवा’ व्हायचा, मुसलमान असला तर ‘उस्ताद’ नाहीतर ‘खाँसाहेब’. तालमीत ही वाटणी कधी झाली नाही. मराठा असो, मुसलमान असो, मातंग असो, धनगर असो, शिकवणारा तो वस्ताद. मला या शब्दाचं सगळ्यात जास्त अप्रूप आहे ते याच्यासाठी.

याचा दाखला द्यायचा तर पुण्यातल्या लहुजी वस्तादांचा द्यावा. लहुजी साळवे, जन्म १७९४चा. दांडपट्टा, नेमबाजी, कुस्ती शिकवायचे. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी दांडपट्टा आणि नेमबाजी त्यांच्याकडे शिकली. ज्या काळात मातंग माणसाची सावलीसुद्धा चालत नव्हती, त्या काळात वेगवेगळ्या जातींची पोरं त्यांना ‘वस्ताद’ म्हणून हाक मारत होती. आज दीडशे-दोनशे वर्षांनी पाहा, ‘साळवे’ हे आडनाव सांगावं लागतं, ‘वस्ताद’ सांगावं लागत नाही. ते नावाचाच भाग होऊन बसलंय.

आता तालमीच्या आत चला.

तालमीत पायऱ्या असतात. नवं पोर आलं की त्याला पहिल्या दिवशी कोणी डाव शिकवत नाही. त्याच्या हातात खोरं देतात आणि हौदा उकरायला लावतात. हौदा म्हणजे कुस्तीची जागा. तांबडी माती, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर, काव घालून मुरवलेली. पोरगं पहाटे ती माती उकरतं, पसरतं, मग जोर-बैठका, मग जमलं तर कोणा थोरल्याच्या अंगावर जायचं आणि आपटून घ्यायचं. या थोरल्यांत एखादा खलिफा असतो. वस्तादांच्या खालचा माणूस, तो हौद्यात उतरून पोरांना रगडतो, चुका दाखवतो. वस्ताद काठाला बसलेले असतात. बऱ्याचदा तोंडातून शब्द निघत नाही. चार जोड एकदम लढत असतात आणि डोळा चारींवर. मधेच एक शब्द येतो, ‘कोपर!’ आणि चारींपैकी नेमक्या ज्याला तो उद्देशून आहे, त्याला कळतं. बाकीचे तीन जोडही दचकून आपापलं कोपर आवळतात, तो वेगळा फायदा.

पण पोरं उत्तम शिकवणाऱ्यालाही चांगला शिकवणारा एवढंच म्हणतात. वस्ताद व्हायला आणखी काहीतरी लागतं, आणि ते दिसतं कुस्ती ठरवताना.

यात्रेचं मैदान असलं की कमिटीचे लोक तालमीत येतात आणि जोड ठरवतात. कोणाची कुस्ती कोणाबरोबर, किती इनामावर. पोराला विचारायची पद्धत नाही, वस्ताद ठरवतील ते. लहान पोरं रेवड्यांवर लढतात, नारळावर लढतात, मग शंभर-पाचशे, मग हजारात, मग लाखात. प्रत्येक पायरीवर कोणाशी भिडायचं हे पोराच्या वतीने दुसरा माणूस ठरवतोय, हे लक्षात घ्या. चुकीची जोड लावली तर पोरगं एका दिवसात उभ्या आयुष्याचं नासतं. मान मुरगळते, गुडघा जातो, नाहीतर मनातच भीती बसते आणि ती गुडघ्यापेक्षा वाईट.

आमच्या वस्तादांचं एक सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या एका यात्रेसाठी कमिटी आली होती. आमच्यातला एक पोरगा अंगाने दांडगा, बघणाऱ्याच्या डोळ्यात भरणारा. त्याच्यासाठी त्यांनी मोठ्या नावाचा मल्ल आणला होता, तिकिटं खपली असती. वस्तादांनी पोराला जवळ बोलावलं, मानेवर हात ठेवला, अंगठ्याने दोन्ही बाजूंनी दाबून बघितलं, पाठीवर थाप मारून परत पाठवलं. म्हणाले, “मान अजून कच्ची हाय. औंदा नको.”

कमिटीचा अध्यक्ष म्हणाला, “वस्ताद, इनाम दुप्पट करतो की.”

“इनाम दुप्पट झालं. मान न्हाई झाली.”

तिथे विषय संपला. पोरगा दोन दिवस फुगून बसला होता. पुढे फार मोठा मल्ल झाला असंही नाही, बरा लढला, मग एसटीत कंडक्टर म्हणून लागला. पण त्याची मान शाबूत आहे आणि आज त्याचा मुलगा आमच्या हौद्यात आहे. त्या काळात वस्तादांना फी नव्हती. पोराने जिंकलेल्या इनामातलं काहीतरी त्यांच्या पायाशी ठेवायचं, आणि ते बहुतेक वेळा बदाम-तुपाच्या रूपाने पोराच्याच पोटात परत जायचं. तेव्हा दुप्पट इनामाला ‘नको’ म्हणणं हे बोलायला सोपं आहे, करायला नाही.

म्हणून ‘वस्ताद’ ही पदवी कोणी देत नाही. तिला प्रमाणपत्र नाही, तारीख नाही, समारंभ नाही. शिष्याला गंडा बांधायची रीत आहे, पण वस्तादाला वस्ताद करायची रीत नाही. पोरं हळूहळू म्हणायला लागतात, मग बाकीच्या तालमींचे लोक म्हणायला लागतात. आणि शेवटची मोहोर मैदानात बसते. हलगी कडाडत असते, निवेदक पुकारतो, ‘अमक्या तालमीचा मल्ल, अमक्या वस्तादांचा पठ्ठा!’ पोराच्या बापाचं नाव नंतर येतं, कधी येतही नाही. समोरच्या गर्दीने ते नाव ऐकून मान डोलावली की समजायचं, हा माणूस वस्ताद आहे. नाही डोलावली, तर निवेदकाने कितीही घसा फोडला तरी उपयोग नाही.

लोक इथे एक गल्लत करतात, ती ‘वट’ या शब्दाशी. गावात एखाद्याची वट असते. म्हणजे त्याच्या एका फोनवर काम होतं, तलाठी खुर्ची देतो, मंडळात त्याच्या शब्दाला वजन असतं. वट खुर्चीतून येते, पैशातून येते, पाठीमागच्या माणसांतून येते आणि निवडणूक हरली की जाते. ‘वचक’ आणखी वेगळा, त्यात भीती आहे. आणि ‘नाद खुळा’, ‘काटा किर्रर्र’ हे आमचे कोल्हापुरी शब्द तर करामतीला दिलेली दाद आहेत. मोटारसायकल वळवली तरी नाद खुळा, मिसळ झणझणीत झाली तरी नाद खुळा. हे सगळे शब्द मला प्रिय आहेत, पण यातला एकही शब्द माणसाच्या नावाला कायमचा चिकटत नाही. वस्ताद चिकटतो. म्हातारा हौद्यात उतरेनासा झाला, काठी टेकत आला, दिसेनासं झालं, तरी तो वस्तादच.

‘वस्ताद एक डाव राखून ठेवतो’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. वाघाला सगळं शिकवून झाडावर चढायचं तेवढं न शिकवणाऱ्या मांजराची गोष्ट लोक तिला जोडतात. शब्दाला धूर्तपणाचा जो वास लागलाय, तो बराचसा या म्हणीचा. माझं मत विचाराल तर म्हण बोलायला छान आहे आणि तालमीत खोटी आहे. घिस्सा, ढाक, एकचाक, कलाजंग, आतली टांग, बाहेरची टांग, दुहेरी पट, मोळी. हे डाव काही कोणाच्या ट्रंकेत कुलपात नसतात. शेजारच्या तालमीत जाऊन बसलात तर आठवड्यात सगळे बघून होतील. कळत नाही ती वेळ. ढाक कधी लावायची? समोरच्याचं वजन पुढच्या पायावर आलं, हे तुमच्या छातीला कळायला हवं. डोळ्यांनी बघून कळेपर्यंत तो क्षण गेलेला असतो. ही गोष्ट वस्ताद राखून ठेवत नाहीत, ती सांगताच येत नाही. दहा वर्षं तुम्हाला माती चारून ती तुमच्या अंगात उतरवावी लागते. ज्याच्या अंगात उतरली नाही तो बाहेर जाऊन सांगतो, वस्तादांनी एक डाव ठेवून घेतला.

आता तुमच्या दुसऱ्या सत्कारमूर्तींकडे येतो, कारण त्यांच्यावर अन्याय व्हायला नको. मातीवाले मॅटवाल्या प्रशिक्षकांना कमी लेखतात, ते मला पटत नाही. मॅटची कुस्ती वेगळी. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंद, गुणांचा हिशोब, निर्णय पटला नाही तर कोपऱ्यात बसलेल्या प्रशिक्षकाने आव्हान द्यायचं, ते चुकलं तर समोरच्याला गुण जाणार. तिथे शास्त्र लागतं, आहार लागतो, वजन कसं उतरवायचं ते लागतं. मातीत वीस-वीस मिनिटं नुसती खडाखडी, म्हणजे उभ्या उभ्या एकमेकांचा अंदाज घेणं, चालली तरी लोक बसून राहायचे, मॅटवर निष्क्रियतेची ताकीद येते. हे ज्याला येतं तो प्रशिक्षक मोठाच. पोरं त्याला ‘सर’ म्हणतात, आणि त्यात काही उणं नाही.

एकच माणूस दोन्ही असू शकतो, हेही सांगून टाकतो. न्यू मोतीबाग तालमीचे गणपतराव आंदळकर १९६०चे हिंदकेसरी, १९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवून आलेले. म्हणजे त्यांना मॅट काही नवं नव्हतं, पण कोल्हापुरात ते शेवटपर्यंत वस्ताद म्हणूनच राहिले. पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार होते, मूळचे लातूर जिल्ह्यातले. तालमीच्या नावातच एक वस्ताद आणि हौद्याच्या काठाला दुसरे. त्यांच्या हाताखाली काका पवार घडले, आणि बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारेही. बिराजदार २०११ साली गेले. २०१८मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा तो काका पवारांच्या हाताखाली सराव करत होता. ते पदक त्याने बिराजदारांना अर्पण केलं. वस्ताद जाऊन जवळजवळ सात वर्षं झाली होती आणि समोर मॅट होतं, मातीचा कण नव्हता. पत्रिकेत काय लिहावं हे मला विचारण्यापेक्षा त्या पदकाला विचारलेलं बरं.

सरकारचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ला सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी कुस्तीतल्या भालचंद्र भास्कर भागवतांना मिळाला. पुरस्कार मोठा आहे, मिळायलाच हवा. तरी कुठल्याही तालमीत कोणी कोणाला ‘द्रोणाचार्य, इकडे या’ अशी हाक मारलेली मी ऐकली नाही. (एकलव्याच्या अंगठ्याचं प्रकरण सगळ्यांना माहीत असल्यामुळे ते बरंच आहे.)

मुलींचं विचारायचं राहिलं, पण ते येणारच, म्हणून सांगतो. महिला महाराष्ट्र केसरी २०२३ला सांगलीत पहिल्यांदा झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. गावोगाव मुली लढतायत आणि त्यांना शिकवणाऱ्या बायकाही तयार होतायत. त्यांना ‘मॅडम’ म्हणतात. ‘वस्ताद’ या शब्दाला स्त्रीलिंगी रूप नाही आणि लागतही नाही, ‘वस्ताद आल्या’ असं म्हटलं की झालं. अजून तोंडात बसलेलं नाही. एखादीच्या हाताखालून चार-सहा पठ्ठ्या मैदान मारून आल्या की आपोआप बसेल.

आणि एक सावधगिरी. हल्ली वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात साखळी, खाली ‘वस्ताद’ अशी अक्षरं दिसतात. वय पंचवीस, पठ्ठा एकही नाही. हरकत नाही, फ्लेक्स पावसात जातो. पण तुमच्या पत्रिकेवर तसल्या फ्लेक्सची कळा येऊ देऊ नका. ‘वस्तादांचे वस्ताद’, ‘वस्ताद सम्राट’, ‘कुस्तीमहर्षी’ असलं काही पुढे-मागे लावू नका. शब्द एकटा असला की भारी वाटतो, शेजारी विशेषण आलं की संशय येतो.

तर छापायचं असं. म्हाताऱ्या सत्कारमूर्तींच्या नावाआधी ‘श्री.’ लावा, आणि ‘वस्ताद’ नावाच्या मागे, आडनावाच्या आधी. जुनी रीत तीच आहे: लहुजी वस्ताद, गोकुळ वस्ताद. गावात त्यांना ‘अण्णा वस्ताद’ किंवा ‘दादू वस्ताद’ अशी हाक असेल तर तीच ठेवा, जन्मदाखल्यावरचं नाव खाली बारीक अक्षरात द्या. त्यांच्या तालमीचं नाव द्यायला विसरू नका, आणि त्यांचे स्वतःचे वस्ताद कोण हे कळलं तर तेही एका ओळीत घ्या. स्वतःच्या नावापेक्षा ती ओळ बघून त्यांना जास्त बरं वाटेल, हे मी लिहून देतो. तरुण प्रशिक्षकांच्या नावापुढे ‘कुस्ती प्रशिक्षक’ आणि ‘एनआयएस’ लिहा, त्यांनी ते कष्टाने मिळवलंय. त्यांच्या पोरांना सहज विचारून बघा, तुम्ही सरांना एरवी काय म्हणता. पोरांच्या तोंडून ‘वस्ताद’ आलं, तर तिथेही तेच छापा. आणि ‘वस्ताद’मधला ‘व’ ऱ्हस्व-दीर्घाच्या भानगडीत नाही, पण छापखानेवाले ‘उस्ताद’ करून ठेवतात, तेव्हा प्रूफ स्वतः बघा.